सल्ला: सकाळच्या रिंगणात मुले का कंटाळतात?

वाचकाचे पत्र: मी गेल्या वर्षापासून तीन ते चार वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. वर्गात २२ मुले आहेत आणि माझ्यासोबत एक मदतनीस आहे. रोज सकाळी ३० मिनिटांचा सर्कल टाइम असतो. त्यात गाणे, हजेरी, दिनदर्शिका, हवामान, रंग आणि आकार होतात, मग प्रत्येक मूल काल काय केले ते सांगते आणि शेवटी गोष्ट होते. दहाव्या मिनिटाला काही मुले आडवी होतात, काही शेजाऱ्याची वेणी ओढतात. एक मुलगा रोज उठून टेबलाखाली जाऊन बसतो. एक मुलगी चार महिन्यांत रिंगणात एक शब्दही बोललेली नाही, पण घरी ती सगळी गाणी म्हणते असे तिची आई सांगते. मुख्याध्यापिका दारातून डोकावतात तेव्हा मला ओशाळल्यासारखे होते. मुले गुंतून राहतील असे नवे उपक्रम सुचवाल का? दिनदर्शिकेचा ३१ खिशांचा कापडी तक्ता मी सुट्टीत स्वतः शिवला आहे, पण मुले त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना वाटले की आठ-दहा उपक्रमांची यादी पाठवली की काम झाले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की यादी तुमच्याजवळ आधीच आहे आणि ती तीन वर्षांच्या मुलांना झेपणार नाही इतकी लांब आहे. त्यामुळे नवे काय घालावे हे सांगण्याआधी काय काढावे हे सांगते. तुमच्या रिंगणात कमी आहे ती हालचाल आणि फार आहे ते वाट पाहणे.

थोडा हिशेब मांडू. काल काय केले हे सांगायला एका मुलाला सरासरी एक मिनिट लागते असे धरा. तुमचा प्रश्न, मुलाचे लाजणे, शब्द शोधणे आणि मध्येच विषय सोडून नव्या चपलेबद्दल सांगणे हे सगळे त्या मिनिटात बसवायचे आहे, म्हणजे हा अंदाज कमीच आहे. तरीही २२ मुलांची २२ मिनिटे होतात, आणि त्यांत प्रत्येक मूल एक मिनिट बोलते व २१ मिनिटे इतरांचे ऐकत, खरे तर ऐकल्यासारखे करत, बसून राहते. आपण मोठी माणसे अशा बैठकीत खिशातून मोबाइल काढतो. तीन वर्षांच्या मुलाजवळ शेजारणीची वेणी असते. मुलांमध्ये शिस्त नाही किंवा तुमच्यात कौशल्य नाही असा अर्थ यातून निघत नाही. वेळेची विभागणीच अशी झाली आहे की कोणत्याही वर्गात हेच घडले असते.

म्हणून रिंगणातल्या प्रत्येक उपक्रमाकडे पाहताना एकच प्रश्न विचारत जा: या क्षणी किती मुले काहीतरी करत आहेत आणि किती मुले नुसती थांबली आहेत? बोलणे, म्हणणे, टाळी वाजवणे, चालणे, शोधणे, अंदाज बांधणे हे सगळे करणेच आहे. ज्या उपक्रमात एक मूल करते आणि बाकीची पाहतात तो उपक्रम वाईटच असतो असे नाही, पण तो दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू नये आणि दिवसातून एकदाच यावा.

वेळेबद्दल अनुभवाने सांगायचे तर तीन वर्षांच्या मुलांचे बसून करायचे रिंगण ८ ते १० मिनिटांत आवरावे, चार वर्षांच्या मुलांसाठी १५ मिनिटांपर्यंत जावे आणि २० मिनिटे पाच वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवावीत. हे आकडे काही कायदा नव्हेत. मुले रंगली असतील तर दोन मिनिटे वाढवा, पाऊस पडून सगळा वर्ग खिडकीकडे धावला असेल तर त्या दिवशीचे रिंगण खिडकीपाशीच करा. वेळ संपण्याआधी मुलांची गोडी संपली, तर मात्र रिंगण त्याच क्षणी आटोपते घ्यावे. राहिलेले उद्या होते.

आपण रिंगण म्हणजे मांडी घालून, हात जुळवून, गप्प बसणे असे धरून चालतो, पण त्याचा उगम तसा नाही. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. त्यांच्याकडे मुले गोलात उभी राहून हात धरत, गाण्यावर चालत, गोल लहान करत आणि पुन्हा फुलवत. प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो आणि कोणीही पहिला किंवा शेवटचा नसतो, हा गोलाचा गुण त्यांना हवा होता. पुढे बसण्याचा भाग वाढत गेला आणि फिरण्याचा भाग गळत गेला. तुम्ही तो परत आणलात तरी अर्धी तक्रार मिटेल.

पहिला बदल करायचा तो संख्येत. २२ मुलांचे एक रिंगण करण्याऐवजी ११ मुलांची दोन रिंगणे करा. मदतनीस ताईंना गाणी येत असतील, आणि बहुधा आपल्यापेक्षा जास्तच येत असतील, तर दोन्ही रिंगणे एकाच वेळी दोन कोपऱ्यांत चालू शकतात. त्यांना संकोच वाटत असेल तर एक गट मुक्त खेळात असताना दुसऱ्याचे रिंगण तुम्ही घ्या आणि मग अदलाबदल करा. ११ मुलांत प्रत्येकाची पाळी दुप्पट वेगाने येते, आवाज चढवावा लागत नाही आणि कोण आज उदास आहे हे तुम्हाला दिसते. सगळा वर्ग एकत्र यावा असे वाटत असेल तर दोन मिनिटांचे एक गाणे सर्वांनी उभे राहून म्हणावे. एकत्रपणासाठी तेवढे पुरेसे आहे.

सुरुवातीसाठी मुलांची वाट पाहू नका. ‘सगळे आले की सुरू करू’ असे म्हटले की जी मुले आधी आली त्यांना शिक्षा होते आणि उशिरा येणाऱ्यांना कळते की आपल्यावाचून काही अडत नाही ही गोष्ट खोटी आहे. तीन मुले जमली की रोजचे ठरलेले गाणे सुरू करा. ते ऐकून बाकीची येतात. हे गाणे निदान काही महिने तेच ठेवा. आपल्याला त्याचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही. आईचा हात नुकताच सुटलेल्या मुलाला रोज तेच सूर ऐकू आले की पुढे काय होणार हे त्याला कळते, आणि सकाळच्या त्या पहिल्या घटकेत एवढे कळणे हाच त्याचा मोठा आधार असतो. गाणे उभ्याने म्हणा, त्यात दोन उड्या, एक गिरकी आणि शेवटी हळूच खाली बसणे असू द्या, म्हणजे ‘बसा, बसा’ असे सांगण्याची वेळच येणार नाही.

हजेरी रिंगणाच्या बाहेर काढा. दारातून आत आल्यावर प्रत्येक मुलाने आपले छायाचित्र असलेली चिठ्ठी ‘घरी’ या बाजूने उचलून ‘शाळेत’ या बाजूला लावावी. पहिला आठवडा मदतनीस ताईंना तिथे उभे राहावे लागेल, नंतर मुलेच एकमेकांना आठवण करतात. रिंगणात मग फक्त एक प्रश्न उरतो: आज कोण घरी आहे? मुले उरलेली चित्रे पाहतात, नावे सांगतात, एकेका चित्राला बोट लावून मोजतात. एका वस्तूला एकच अंक म्हणायचा आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे एकूण संख्या, या दोन गोष्टी मोजण्याच्या मुळाशी असतात. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या संशोधकांनी १९७८ मध्ये मोजणीची जी पाच तत्त्वे मांडली त्यांत या दोन्ही येतात. तीन वर्षांचे मूल वीसपर्यंत पाठ म्हणून दाखवते, पण त्याला चार मणी द्यायला सांगितले की मूठभर देते, हे तुम्ही रोज पाहत असाल. तक्त्यावरचे ३१ अंक मोजून ते शिकत नाही. आज घरी राहिलेल्या तीन मित्रांना मोजून शिकते, कारण ते तीन कोण आहेत याच्याशी त्याचा संबंध असतो.

हजेरीच्या जागी नावांचा खेळ ठेवा. माझ्या मते तुमच्या वयोगटासाठी रिंगणातला हा सर्वांत कसदार उपक्रम आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. सगळ्यांनी मिळून एकेकाचे नाव टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायचे: गौ-री, दोन टाळ्या, अ-नुष्-का, तीन टाळ्या. ज्याचे नाव चालले आहे ते मूल हात हलवते, बाकी सगळी म्हणतात आणि टाळ्या वाजवतात, म्हणजे कोणीही रिकामे बसत नाही आणि ११ नावे दीड-दोन मिनिटांत होतात. इथे एक काळजी घ्यावी लागते, ती मराठीच्या उच्चाराची. ‘समीर’ हे नाव लिहिताना तीन अक्षरे येतात, पण बोलताना आपण स-मीर असे दोनच ठोके देतो. ‘कमल’चेही क-मल असे दोनच होतात. आपल्या डोळ्यांपुढे लिहिलेला शब्द असतो म्हणून आपला हात तिसरी टाळी वाजवायला पुढे सरसावतो. मुलांच्या डोळ्यांपुढे अक्षर नसते, ती कानाने ऐकतात आणि त्यामुळे बहुतेक वेळा तीच बरोबर असतात. या वयात कानाचेच ऐकावे. शब्दाचे तुकडे पडतात हे कानाला कळणे ही वाचनाची पहिली पायरी आहे, आणि अक्षर ओळखीच्या घाईत आपण ती वगळतो.

महिन्याभराने याच खेळाला फाटे फोडता येतात. नाव कुजबुजत म्हणा, नाव राक्षसाच्या आवाजात म्हणा, टाळीऐवजी गुडघ्यावर थाप द्या. मग सुरुवातीच्या आवाजाकडे वळा: ‘मा’ने सुरू होणारे आणखी काय? मांजर, मासा, माकड. एखादे मूल ‘टेबल’ म्हणेल. त्याला चूक म्हणू नका. ‘टेबल मा-मा-माबल झाले तर?’ असे म्हटले की सगळे खिदळतात आणि फरक कानाला कळतो.

आता दिनदर्शिका. तुम्ही ती मेहनतीने शिवली आहे, त्यामुळे लिहिताना मला संकोच वाटतो, पण तीन वर्षांच्या मुलांच्या रिंगणात तिला जागा नाही. या वयाचे मूल ‘मी उद्या पडलो होतो’ असे बिनदिक्कत सांगते. ‘काल’ म्हणजे त्याच्यासाठी मागे केव्हातरी आणि ‘उद्या’ म्हणजे आत्ता नाही तेव्हा. महिना, तारीख आणि वार या एकात एक गुंतलेल्या मोजण्या त्याच्या आवाक्याच्या बाहेर आहेत, आणि रोज सकाळी सातही वार एका सुरात म्हटले तरी त्यामागची कल्पना उमगत नाही. त्याला समजते ती क्रमाची भाषा: आधी, नंतर, मग. म्हणून दिवसाच्या क्रमाची चित्रे लावा, म्हणजे रिंगण, खेळ, हात धुणे, खाणे, मैदान, गोष्ट, घर. एक भाग संपला की एका मुलाने त्याचे चित्र उलटे करावे. ‘आई कधी येणार?’ या प्रश्नाला ‘साडेबारा वाजता’ हे उत्तर निरर्थक असते. ‘गोष्टीनंतर’ हे उत्तर मुलाला चित्रावर बोट ठेवून पाहता येते आणि ते पाहून त्याचे रडे थांबलेले मी अनेकदा पाहिले आहे.

हवामानाचेही तसेच. छापील सूर्य आणि ढगांतून एक चित्र निवडण्यापेक्षा दोन मुलांना खिडकीपाशी पाठवावे आणि त्यांनी बातमी आणावी. रंग आणि आकार दिवसभर इतक्या ठिकाणी येतात की त्यांची वेगळी उजळणी करण्याचे कारण दिसत नाही.

‘काल काय केलेस’ हा भाग पूर्णपणे काढू नका, पण त्याची पाळी लावा. ११ मुलांच्या गटात रोज दोन मुले आणि एखाद्या दिवशी तीन, असे पाच दिवसांत सगळे होतात. प्रश्नही बदला, कारण ‘काल’ या शब्दाची अडचण वर आली आहेच. मुलाने घरून आणलेली किंवा वर्गात सापडलेली एखादी वस्तू त्याच्या हातात असली तर त्याला बोलणे सोपे जाते. नसली तर आधी तुम्ही आपली छोटीशी हकिगत सांगा, ‘आज माझी छत्री उलटी झाली’ एवढीच, आणि मग विचारा. प्रश्न विचारल्यावर मात्र थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर उत्तरे लांबतात व बोलणाऱ्या मुलांची संख्याही वाढते. तिचे निरीक्षण मोठ्या मुलांच्या वर्गांतले होते. ज्यांचे शब्द अजून घडत आहेत त्यांना तर याहून अधिक अवधी लागेल. मनात पाच आकडे मोजा. ती शांतता आपल्यालाच जड जाते. ऐकणाऱ्या मुलांनाही काम द्यावे: ‘तुझ्या बाबतीतही असे झाले असेल तर हात पोटावर ठेव.’ एका मुलाने कुत्र्याची भीती वाटली असे सांगितले आणि सहा हात सहा पोटांवर गेले की त्या मुलाला जे मिळते ते ‘शाब्बास’ने मिळत नाही.

हालचालीचे खेळ निवडताना ज्यात थांबावे लागते असे निवडा. डफ वाजतो तोवर चालायचे, थांबला की आहे तिथे पुतळा व्हायचे. चालणे सगळ्यांना येते, शिकण्याची गोष्ट थांबणे ही आहे, कारण चालू असलेली कृती मनाच्या आज्ञेने रोखणे हे या वयाच्या मुलाला सर्वांत अवघड जाते. वर्षाच्या उत्तरार्धात नियम उलटा करून पाहा: डफ जोरात वाजला तर हळू चालायचे आणि हळू वाजला तर भरभर. चुका भरपूर होतील, त्या होऊ द्या; चुकलेल्याला खेळातून बाद करण्याची पद्धत मात्र या वयात नको, कारण ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे तोच बाहेर बसतो. चेंडू एकमेकांकडे लोळवण्याचा खेळ छान आहे, पण ११ मुलांत एकच चेंडू असला की पुन्हा दहा जणांची वाट पाहणी सुरू होते. त्यापेक्षा जुनी चादर घ्या, सगळ्यांनी कड धरावी आणि मध्ये दोन-तीन मऊ चेंडू ठेवून ते खाली पडू न देता उडवावेत. २२ हात एकाच कामात गुंतलेले असतात आणि एकाने कड सोडली तर सगळ्यांना कळते.

दंगा झाल्यावर शांततेचा खेळ घ्यावा, आधी घेऊ नये. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या पद्धतीतला शांततेचा पाठ आजही तितकाच चालतो. सगळी मुले डोळे मिटून निश्चल बसतात, शिक्षिका लांब जाऊन किंवा शेजारच्या खोलीतून एकेकाचे नाव कुजबुजते आणि ज्याला आपले नाव ऐकू येईल ते मूल आवाज न करता चवड्यांवर चालत तिच्याकडे जाते. ‘गप्प बसा’ या आज्ञेत आणि या खेळात फरक असा की इथे गप्प राहण्याला कारण आहे: आपले नाव ऐकू यायला हवे. सुरुवात पाच-सहा मुलांपासून करा, नाहीतर शेवटच्या मुलाची इतकी वाट पाहणी होईल की ते रडू लागेल.

बडबडगीते आठवड्याला नवी आणण्याचा सोस सोडा. एकच गीत पंधरा दिवस चालू द्या. पहिले तीन दिवस तुम्ही म्हणा आणि मुलांनी हातवारे करावेत. चौथ्या दिवसापासून ओळीचा शेवटचा शब्द गाळा, तो मुले भरतील. दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम चुकीचा शब्द घाला. बाईंची चूक पकडण्याइतका आनंद या वयात दुसरा नाही, आणि चूक पकडण्यासाठी सगळे गीत लक्षपूर्वक ऐकावे लागते.

गोष्ट रिंगणातून उचलून दिवसाच्या शेवटी न्या. रिंगणात पुस्तक धरून गोष्ट वाचली की तुमच्या दोन्ही हातांना बसलेल्या मुलांना फक्त पुस्तकाची कड दिसते. मग ती पुढे सरकतात, मागची ओरडतात, आणि गोष्टीपेक्षा बसण्याच्या जागेवरच बोलणे होते. गोष्टीला मुले घोळक्याने जवळ बसलेली बरी.

रिंगण संपवताना सगळ्यांना एकदम सोडू नका, दाराशी चेंगराचेंगरी होते. ‘ज्यांच्या नावाला दोन टाळ्या आहेत त्यांनी हात धुवायला जा, आता तीन टाळ्यांची नावे,’ असे म्हटले की नावांचा खेळ पुन्हा एकदा होतो आणि रांगही आपोआप लागते.

टेबलाखाली जाणाऱ्या मुलाबद्दल. तो कोणत्या क्षणी उठतो हे आठवडाभर टिपून ठेवा. गाणे सुरू होताच उठत असेल तर आवाज त्याला सहन होत नसावा. बोलण्याच्या भागात उठत असेल तर तो कंटाळलेला असावा, आणि तसे असेल तर बाकीच्या मुलांनी जे वेणी ओढून सांगितले तेच त्याने सभ्यपणे, कोणाला त्रास न देता सांगितले आहे. त्याला ओढून आणू नका. रिंगणापासून दोन हातांवर एक चटई टाका आणि सांगा की नको वाटले तर इथे बसायचे, इथून सगळे दिसते. टेबल आणि रिंगण यांच्यामधली अशी एक जागा मिळाली की बरीच मुले थोड्या आठवड्यांत तिथून आत सरकतात. त्याला हातांचे काम द्या: डफ आणणे, चादर पसरणे. पाठमोरा असताना हाक मारली तर तो वळतो का, हेही पाहा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांना कधी कधी काही काळ कमी ऐकू येते आणि गोंगाटात ती सर्वांत आधी मागे सरतात. शंका वाटली तर पालकांना कानांची तपासणी करून घ्यायला सांगावे.

न बोलणाऱ्या मुलीबद्दल लिहिताना मला अधिक जपून लिहायला हवे. ती घरी सगळी गाणी म्हणते, याचा अर्थ ती रिंगणात पूर्ण हजर असते. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळातील सहभागाचे जे प्रकार मांडले त्यांत नुसते पाहणाऱ्या मुलाला स्वतंत्र जागा दिली आहे; असे मूल बाजूला पडलेले नसते, त्याचे लक्ष खेळावर असते. तिच्यासाठी शब्दांवाचून भाग घेता येईल अशा जागा वाढवा. टाळ्या, पोटावरचा हात, चादरीची कड, चित्र उलटे करणे, हे सगळे तिला जमेल. ‘आज तरी बोल’ असे म्हणू नका, आणि एखाद्या दिवशी ती बोलली तर टाळ्या वाजवून तिच्याकडे सगळ्यांचे डोळे वळवू नका. इतर कोणी बोलले असते तर जसे पुढे गेला असता तसेच पुढे जा. एवढे करतानाच एक गोष्ट नीट पाहून ठेवा: मुक्त खेळात, मैदानावर, एखाद्या मैत्रिणीच्या कानात ती बोलते का? बोलत असेल तर धीर धरा. शाळेत कुठेही, कोणाशीही बोलत नसेल तर मात्र चार महिने हा मोठा काळ आहे. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, ही चिंतेतून येणारी एक ओळखीची अडचण आहे. शाळेचा पहिला महिना सोडून ती महिन्याहून अधिक टिकली तर बालमानसतज्ज्ञांना किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे असे तिच्या आईला सांगा. तो हट्ट नसतो आणि आईच्या वळणाचा दोषही नसतो, हेही त्याच वेळी सांगा. लवकर मदत मिळाली तर मूल लवकर मोकळे होते.

मुख्याध्यापिकांना दारातून डोकावू देण्यापेक्षा आत बोलवा. एका सकाळी त्यांना जुन्या पद्धतीचे रिंगण पाहायला सांगा आणि हातात कागद द्या: दर दोन मिनिटांनी किती मुले काहीतरी करत आहेत तेवढा आकडा लिहायचा. पंधरा दिवसांनी नव्या रिंगणात तोच कागद पुन्हा द्या. सरळ रांगेत बसलेली मुले दुरून पाहणाऱ्याला शिकत असल्यासारखी दिसतात; जवळ बसून मोजणाऱ्याला तसे वाटत नाही. त्याआधी सगळे बदल एकदम करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त गट पाडा आणि हजेरी दाराशी न्या, दुसऱ्यात नावांचा खेळ आणि डफ आणा, मग पुढचे पाहू.

राहिला तो तक्ता. टाकून देऊ नका, मी त्याचे खिसे मोजले आहेत. ३१ पैकी २२ खिशांत मुलांची छायाचित्रे ठेवा, दोन तुम्हा दोघींची. उरतात सात, आणि वर दिवसाच्या क्रमाची चित्रे सांगितली तीही सातच आहेत. कुठले खिसे ‘घरी’ आणि कुठले ‘शाळेत’ हे वेगळे दिसावे म्हणून चिठ्ठीची एक बाजू रंगीत ठेवा: मूल आले की त्याने आपली चिठ्ठी उलटायची. वारांची पट्टी उसवावी लागेल. आणि तक्ता फळ्याच्या वर टांगला असेल तर तो खाली, दाराजवळ आणा, वरचा खिसाही वर्गातल्या सर्वांत बुटक्या मुलाच्या हाताला लागेल इतका खाली.